फुकट शिबिरात बसले तर पैसे देणारे पालक जातील का? नव्या अॅडमिशन काउन्सेलर ताईंना उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला ताई. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत लिहितो. तुम्ही नाशिकच्या सिडकोत राहता, ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवायचात, ते सोडून मागच्या वर्षी अॅडमिशन काउन्सेलिंग सुरू केलं आणि पहिल्या सीझनला २३ पालक मिळाले. आता नाशिकमधल्या जुन्या काउन्सेलर लोकांच्या एका ग्रुपने बोलावलंय, ते वर्षातून काही शिबिरं फुकट घेतात आणि तुमची कटऑफची एक्सेल शीट पण त्यांनी मागितलीये. तुमचं म्हणणं असं की फुकट सांगत बसले तर पैसे देऊन कोण येणार, आणि शीट देऊन टाकली तर माझ्याकडे राहिलं काय.

मी २०११ पासून हेच करतोय, कॉलेज रोडला एक खोली आहे, बायको दाखल्यांचं बघते आणि मी ऑप्शन फॉर्मचं, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी लावायचं. सगळा अनुभव इंजिनिअरिंग आणि फार्मसीच्या कॅपचा, म्हणजे सरकारच्या सामायिक प्रवेश फेऱ्यांचा आहे, मेडिकलवाल्यांचं आणि परदेशी पाठवणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, तिकडे हे जसंच्या तसं लावू नका. आणि तुम्ही म्हणता तो ग्रुप आमचाच की दुसरा ते मला माहीत नाही, इथे नाव टाकू पण नका.

आधी शीटचं बोलू, कारण मला वाटतं तुमची खरी भीती तिथेच आहे. कटऑफच्या पीडीएफ कॅप चालवणाऱ्या सरकारी सीईटी सेलच्या साइटवर पडलेल्या असतात, कोणीही उतरवून घेऊ शकतं. तुम्ही त्या साफ करून, कॉलेज कोड लावून, कॅटेगरीच्या रांगा नीट करून ठेवल्यात, त्यात मेहनत आहे हे कबूल, पण त्यात गुपित काही नाही. पालक आपल्याला पैसे शीटचे देतच नाहीत हो. ऑप्शन फॉर्मला ३०० पर्यंत पर्याय टाकता येतात, आईला पोरगी नाशिकच्या बाहेर जायला नकोय, बापाला पुणेच पाहिजे, पोरीला मैत्रीण जिथे जाईल तिथे जायचंय, आणि मुदत उद्या संध्याकाळी संपतीये, अशा वेळी जो माणूस दोन तास समोर बसून त्या घराचं भांडण मिटवून यादी लावून देतो त्याचे पैसे असतात. आणि मग रात्री साडेअकराला फोन येतो की सर ते चौथं आणि सातवं बदलायचं का, त्याचे. हे ५० जणांच्या शिबिरात कोणाला देताच येत नाही, द्यायचं म्हटलं तरी.

तरी पण कोणी जातच नाही असं खोटं सांगणार नाही. जातात. दर वर्षी दोन-तीन पालक असे असतात की शिबिरात सगळं विचारून घेतात, वहीत लिहून घेतात आणि घरी जाऊन स्वतः फॉर्म भरतात. भरू देत की. ते नाहीतरी आपल्याकडे आलेच नसते, आणि आले असते तर फीवरून एवढी घासाघीस केली असती की नको ते गिऱ्हाईक झालं असतं. उलट त्यातलाच एक जण पुढच्या वर्षी मेहुण्याला घेऊन आला, म्हणे आम्ही भरलं स्वतः पण झोप नाही लागली महिनाभर, याचं तुम्हीच बघा.

आता ग्रुपमध्ये का जावं यावर माझी स्वतःची एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षातली गोष्ट. आपण नाशिकवाले पुणे विद्यापीठात येतो, त्यामुळे पुण्याची आणि नगरची कॉलेजं आपल्या पोरांना होम युनिव्हर्सिटीत पडतात, म्हणजे तिथल्या बऱ्याच जागा आपल्याच विद्यापीठाच्या पोरांसाठी असतात, हा आपला मोठा फायदा, तुम्हाला माहीतच असेल. एक मुलगा आला, घर इंदिरानगरला, वडील अंबडला कंपनीत, सगळं चोख नाशिकचं, मी डोळे झाकून होम युनिव्हर्सिटीचे कटऑफ धरून यादी केली. पण पोराची बारावी धुळे जिल्ह्यातल्या कॉलेजची, म्हणजे अॅडमिशन तिकडे, क्लास इथे, असला प्रकार. आणि होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, बारावी ज्या कॉलेजातून पास झालात ते कुठे आहे त्यावरून ठरते. म्हणजे पोरगं जळगावच्या विद्यापीठात गेलं आणि माझ्या यादीतली वरची डझनभर कॉलेजं हवेत. हे मला कळलं कुठे, तर कागद तपासणीच्या रांगेत. तेव्हा आजच्यासारखं ऑनलाइन स्क्रूटिनी नव्हतं, एआरसीवर, म्हणजे अर्ज आणि कागद घ्यायच्या केंद्रावर, पालकांसोबत आम्ही पण उन्हात उभे असायचो. शेजारी जळगावकडचा एक काउन्सेलर त्याच्या पोरांना घेऊन उभा होता, त्याची माझी ओळख नाही पाळख नाही, त्याने सहज मार्कशीटवर नजर टाकली आणि म्हणाला, दादा हे पोरगं तर आमचं आहे. रांगेतून बाहेर येऊन रसवंतीवर बसलो आणि त्याने मला अर्ध्या तासात अख्खा विषय समजावला, एक रुपया न घेता. आमचा ग्रुप झाला तो अशा रांगांमधून झालाय, कोणी सभा बोलावून केलेला नाही.

दुसरं उदाहरण अगदी ताजं. २०२५-२६ च्या कॅपला चार राउंड झाले आणि ऑटो फ्रीजचा, म्हणजे मिळालेली सीट आपोआप पक्की होऊन पुढचे राउंड बंद व्हायचा, नियम बदलला. पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला की सीट फ्रीज, हे जुनंच. पण दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी कोणताही मिळाला तरी फ्रीज, आणि तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. आता आमची जुनी सवय अशी की तिसऱ्या-चौथ्या नंबरला एखादं गावातलं कॉलेज असू दे म्हणून टाकायचं, मिळालं तर धरून ठेवायचं आणि पुढच्या राउंडला बेटरमेंटला, म्हणजे वरचं कॉलेज मिळतंय का बघायला, जायचं. नियम वाचला मी पण होता, पण वाचणं वेगळं आणि आपल्या यादीत त्याचा अर्थ काय होतो ते दिसणं वेगळं. सिन्नरच्या आमच्या एक मॅडम आहेत, त्यांनी रात्री ग्रुपवर टाकलं की अरे बाबांनो आपापल्या दुसऱ्या राउंडच्या याद्या उघडा आणि तिसऱ्या नंबरवर काय आहे ते बघा, ते मिळालं तर पोरगं तिथेच अडकणार आहे. मी उघडल्या. १४ याद्यांमध्ये तिसऱ्या नंबरला नको असलेलं कॉलेज होतं. त्या रात्री १४ घरी फोन केले, दोन पालकांनी शिव्या घातल्या, पण याद्या बदलल्या. या मॅडम माझ्या सरळ सरळ स्पर्धक आहेत बरं का, सिन्नर आणि नाशिकरोडच्या निम्म्या पालकांवरून आमची रस्सीखेच असते. त्या गप्प बसल्या असत्या तर त्यांचा फायदाच होता.

आता जरा कडू भाग. आपल्या धंद्याला इथे ना लायसन्स आहे ना परीक्षा. उद्या कोणीही अशोक स्तंभावर बोर्ड लावून अॅडमिशन तज्ज्ञ होऊ शकतं. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ ला कोचिंग सेंटरसाठी गाइडलाइन्स काढल्या, पण त्यात कोचिंगची व्याख्या करतानाच काउन्सेलिंग बाहेर ठेवलंय. म्हणजे आपल्याला विचारणारं कोणी नाही. अशा ठिकाणी आपल्याच धंद्यातली चार माणसं आपल्याकडे बघतायत एवढीच काय ती लगाम असते, आणि ती मला स्वतःला लागलीये.

२०१७-१८ ला मी एका कॉलेजकडून सीटमागे पैसे घ्यायचो. कॉलेज कुठलं ते सांगत नाही, त्यांचा माणूस दिवाळीला मिठाईचा बॉक्स घेऊन यायचा आणि हिशोब करून जायचा. मी मनाशी म्हणायचो की कॉलेज वाईट नाहीये, मी कोणाला फसवत नाहीये, पालकांची फी पण कमी ठेवतोय त्यामुळे. सीझन संपल्यावर आम्ही ग्रुपमध्ये सगळे मिळून कोणाची पोरं कुठे गेली ते नावं काढून एका शीटमध्ये टाकतो, पुढच्या वर्षीच्या अंदाजाला बरं पडतं. त्या वर्षी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या सरांनी शीट बघितली आणि सगळ्यांसमोर नाही, नंतर गाडीपाशी विचारलं, काय रे तुझी ११ पोरं एकाच स्टेशनला कशी उतरली? बस, एवढंच. मी काहीतरी थातुरमातुर बोललो. पण घरी जाऊन ती ११ नावं परत बघितली तर त्यात एक मुलगी होती जिला मी इन्स्टिट्यूट लेव्हलच्या, म्हणजे कॉलेज कॅपबाहेर स्वतः भरतं त्या सीटवर बसवलं होतं, लवकर मोकळं व्हा म्हणून. तिचे मार्क असे होते की थोडं थांबली असती तर कॅपमधून तेच कॉलेज मिळालं असतं, आणि कॅपमधून मिळालं असतं तर शाहू महाराज शिष्यवृत्तीत तिची निम्मी ट्यूशन फी माफ झाली असती. ती सवलत कॅपच्या सीटलाच लागते. घरी बाप द्राक्षाच्या बागेत मजुरीला. मी त्या घराचे चार वर्षांचे पैसे घालवले होते, माझ्या मिठाईच्या बॉक्ससाठी. आणि आज तर २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना कॅपमधून गेल्यावर ट्यूशन फी पूर्ण माफ आहे, म्हणजे आज तीच चूक दुप्पट महाग. त्यानंतर मी बंद केलं. फी वाढवावी लागली, काही पालक गेले, एक वर्ष जड गेलं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत या लोकांची संघटना १९३७ पासून आहे, नॅकॅक म्हणतात तिला, त्यात शाळांमधले काउन्सेलर आणि कॉलेजांचे अॅडमिशनवाले एकत्र बसतात. तिथे सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना डोकी मोजून कमिशन द्यायला १९९२ पासून कायद्यानेच मनाई आहे, पण बाहेर देशातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यातून वगळलंय. म्हणून तर आपल्या गंगापूर रोडवरची परदेशवाली ऑफिसं काउन्सेलिंग फुकट असं लिहू शकतात, पैसे दुसरीकडून येतात. नॅकॅकमध्ये यावर बरीच वर्षं भांडण चाललं आणि २०१३ ला त्यांनी परदेशापुरती बंदी सैल केली. सांगायचा मुद्दा, एवढी जुनी संघटना असून त्यांना पण हा विषय एका बैठकीत मिटवता आला नाही, तर आपल्या मिसळ खात भरणाऱ्या ग्रुपकडून फार साधुत्वाची अपेक्षा ठेवू नका. पण गाडीपाशी विचारणारा एक माणूस तरी असावा.

आता शिबिराचं. यात आम्ही पहिली दोन वर्षं नुसता मूर्खपणा केला. जूनमध्ये पेठला गेलो, प्रोजेक्टर घेऊन, कॉम्प्युटर बरं की एआय बरं, ब्रँच कशी निवडावी, अशा स्लाइड्स. हॉलमध्ये ६० जण, कोणी काही विचारेना. शेवटी मागून एक बाबा उठले आणि म्हणाले, साहेब ते सगळं ठीक, पोराची व्हॅलिडिटी नाही, ती कुठं मिळते? आणि मग निम्मा हॉल त्याच प्रश्नासाठी, म्हणजे जात पडताळणीच्या प्रमाणपत्रासाठी, उभा राहिला. जूनमध्ये त्याला काय उत्तर देणार, वेळ गेलेली असते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवण या भागातली पोरं ऑप्शन फॉर्मवर नाही हरत, कागदावर हरतात, सीट समोर असते पण कागद नाही म्हणून ओपनमध्ये ढकलली जातात किंवा घरी बसतात.

त्यामुळे आता आमचं शिबिर नोव्हेंबर-डिसेंबरला असतं, पोरगं बारावी सायन्सला असतानाच, आणि त्यात करिअर हा शब्द पण येत नाही. टेबल टाकायचं, एकेकाचे कागद बघायचे आणि काय कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. जातीचा जुना पुरावा कुठल्या तारखेच्या आधीचा लागतो हेच बहुतेकांना माहीत नसतं. एसटीला ६ सप्टेंबर १९५०, एससीला १० ऑगस्ट १९५०, विजाभजला (विमुक्त जाती, भटक्या जमाती) २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. मग आजोबा शाळेत गेले होते का, गेले असतील तर त्या शाळेतून प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा काढा, नसतील गेले तर तहसीलला गाव नमुना १४ नाहीतर कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्यांत, नोंद सापडते का बघा, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र असं करा. आडनावाचं स्पेलिंग, वडिलांच्या दाखल्यात एक आणि पोराच्या दाखल्यात दुसरं, हे तर दर दुसऱ्या माणसाचं असतं. नॉन क्रिमीलेअर असेल तर ते कुठल्या तारखेपर्यंत चालतं तेवढं बोट ठेवून दाखवायचं, कारण लोक जुनंच प्रमाणपत्र जपून ठेवतात लॅमिनेशन करून. हे काम तुमच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्यापेक्षा कंटाळवाणं आहे, आधीच सांगतो. पण एका दिवसात ३० घरांचं नीट होतं, आणि आमच्या सगळ्यांच्या पेड कामात दाखल्यांच्या चुका जवळपास बंद झाल्यात त्या या टेबलावर बसून बसून. म्हणजे सेवा म्हणतो आपण, शिकतो पण आपणच.

तुम्ही किती वेळ द्यावा हे मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहे आणि ते मी कसं सांगणार. घरात दुसरा पगार असेल तर वर्षाला चार-पाच दिवस सहज निघतात. घर याच्यावरच चालत असेल तर जून ते सप्टेंबर एकही दिवस फुकट देऊ नका, अगदी कोणी कितीही जवळचा म्हणाला तरी, तेव्हा तुमचं पोट आहे. हिवाळ्यात द्या. मी स्वतः असं करतो की सीझनमध्ये पाच पेड पालकांमागे एक बिनपैशाचा घेतो, दुसरा बिनपैशाचा आला तर त्याला सरळ सांगतो की पुढचे पाच भरेपर्यंत थांबा किंवा ग्रुपमधल्या दुसऱ्याकडे पाठवतो. पाठवायला कोणी आहे हाच तर ग्रुपचा उपयोग. आणि बिनपैशाचा कोण आहे ते बायकोला पण सांगत नाही, नाहीतर नकळत फोन उचलण्यात फरक पडतो.

ग्रुप चांगला की नुसता दिखावा हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. हॉलचं भाडं कोण देतंय ते विचारा. एखादा क्लास किंवा कॉलेज देत असेल तर ते शिबिर नाही, जाहिरात आहे, मग जायचं तर तसं समजून जा. दारात पालकांचे मोबाइल नंबर लिहून घ्यायची वही आहे का बघा आणि ती वही संध्याकाळी कोणाच्या बॅगेत जाते ते पण बघा. आणि बैठकीत कोणी स्वतःची चूक सांगतं का ते ऐका. जिथे सगळ्यांचे सगळे विद्यार्थी टॉप कॉलेजलाच गेलेत तिथून चहा पिऊन निघा.

तर शीट द्यायची का? द्या, पण कटऑफची. विद्यार्थ्यांची नावं, मोबाइल, अॅप्लिकेशन आयडी, लॉगिनचे पासवर्ड हे वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल कोणालाही देऊ नका, मला सुद्धा नाही, सिन्नरच्या मॅडमना सुद्धा नाही. आपल्याकडे नंबरांच्या याद्या विकल्या जातात हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल, आणि वैयक्तिक डेटाचा २०२३ चा कायदा पण आहे, १८ च्या आतल्या पोरांसाठी त्यात पालकांची संमती लागते. बऱ्याच जणांनी शीट एकच ठेवलेली असते, एका टॅबला कटऑफ आणि शेजारच्या टॅबला पोरांचा डेटा, आणि घाईत अख्खी फाइल फॉरवर्ड होते. माझी एकदा झालीये. पाठवायच्या आधी नवीन फाइल उघडून त्यात फक्त आकडे पेस्ट करा.

पहिल्या बैठकीला जाल तेव्हा काही सिद्ध करायला जाऊ नका, तुमच्या २३ मधला जो एक फसला त्याची यादी नाव झाकून घेऊन जा आणि विचारा की मी कुठे चुकले. आणि ग्रुप आमचाच निघाला तर डिसेंबरला पेठला येताना स्टेपलर घेऊन या, मागच्या वेळी पाच टेबलांना मिळून एकच होता.